हा लेख कोणीं लिहिला?

वार्षिकांक हातीं पडतांच तो कोठून उघडावा, याविषयीं प्रत्येक घराची रीत निराळी असते. विद्यार्थी प्रथम छायाचित्रें पाहतात व आपलें डोकें कोणाच्या खांद्यामागें लपलें आहे याचा शोध करितात. वडील मंडळी परीक्षेच्या निकालाचें पान काढितात. आणि मराठी विभाग हा बहुधा सर्वांच्या शेवटीं, एखाद्या रिकाम्या दुपारीं, झोंप येईपर्यंत वाचला जातो. लेखाखालील नांव तर कोणी वाचीतच नाहीं. आमची खोड मात्र उलटी आहे. कोणतेंहि नियतकालिक हातीं आलें कीं, आम्ही आधीं लेखकांचा परिचय दिलेलें पान शोधितों. लेख काय सांगतो हें कळण्यापूर्वीं तो कोण सांगत आहे, कोठें बसून सांगत आहे, हें कळावें असें आम्हांस वाटतें. ही खोड चांगली कीं वाईट हें वाचकांनीं ठरवावें. परंतु पुढील मजकूर तिच्याच योगानें सुचला आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू जर्सी प्रांतांतून १९९० सालीं ‘हिस्पॅनिक आउटलुक इन हायर एज्युकेशन’ या नांवाचें एक नियतकालिक निघूं लागलें. स्पॅनिश भाषिक कुळांतील मुलांमुलींच्या उच्च शिक्षणाचा विचार करणें हा त्याचा एकच विषय. तें इंग्रजींत निघे. त्यांत लिहिणारे कोण, तर कॉलेजांचे आजी-माजी अध्यक्ष, प्राध्यापक, आणि वृत्तपत्रांच्या धंद्यांत केस पिकलेले बातमीदार. शिष्यवृत्त्या, प्रवेशाचे नियम, राजधानींत होऊं घातलेले कायदे, आणि दर वर्षीं एक यादी — स्पॅनिश भाषिक विद्यार्थ्यांस अधिक संख्येनें सामावून घेणाऱ्या शंभर कॉलेजांची. ही यादी त्या नियतकालिकाची फार प्रसिद्ध गोष्ट होय. यादीला आमचा विरोध नाहीं. गरीब बापास आपल्या मुलीस कोठें पाठवावें हें ठरवितांना तिचा उपयोग होतो. परंतु यादी ही लेखकावांचूनहि होऊं शकते. आमच्या निकालाच्या पानासारखीच ती; सर्व जण वाचतात, आणि वाचून झाल्यावर कोणाच्या मनांत कांहीं हललेलें नसतें.

आतां हे लोक कोण, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत त्यांस फारशी जागा मिळालेली नाहीं. मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा आणि मध्य व दक्षिण अमेरिकेंतील इतर स्पॅनिश भाषिक देश यांच्याशीं ज्यांच्या घराण्याचा संबंध आहे, त्या सर्वांस तेथील सरकार ‘हिस्पॅनिक’ या एका नांवानें ओळखतें. १९२० किंवा १९३० सालीं शेतांत व आगगाडीच्या रुळांवर मजुरी करावयास आलेल्यांचे नातू त्यांत आहेत. परंतु कित्येक घराणीं तर जागचीं हललींच नाहींत. १८४८ सालच्या तहानें कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको इत्यादि विस्तीर्ण मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला, तेव्हां तीं रात्रीं एका देशांत निजलीं व सकाळीं दुसऱ्यांत उठलीं. पोर्तो रिको बेट १८९८ सालीं अमेरिकेच्या हातीं आलें व तेथील रहिवाश्यांस १९१७ सालीं नागरिकत्व मिळालें. हे लोक २०२० सालच्या शिरगणतींत ६ कोटि २१ लक्ष, म्हणजे शेंकडा सुमारें १९ भरले. एवढ्या लोकांची मुलें कॉलेजांत किती आणि तेथें त्यांचें काय होतें, हा प्रश्न कांहीं लहान नव्हे.

आणि तीं कॉलेजापर्यंत पोंचूं नयेत अशीच व्यवस्था पुष्कळ ठिकाणीं होती. कॅलिफोर्नियांत वेस्टमिन्स्टर गांवीं मेंडेझ नांवाचें एक शेतकरी जोडपें राहत असे. त्यांच्या मुलांस गांवच्या चांगल्या शाळेनें घेतलें नाहीं. मेक्सिकन मुलांसाठीं दुसरी शाळा आहे, तेथें जा, असें सांगितलें. त्याच दिवशीं त्यांच्याबरोबर गेलेल्या आतेभावंडांस मात्र शाळा घ्यावयास तयार होती, कारण त्यांचा वर्ण उजळ व आडनांव फ्रेंच वळणाचें! मेंडेझ न्यायासनापुढें गेले. १९४६ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला व १९४७ सालीं वरच्या न्यायालयानें तो कायम केला. या निकालानंतर सात वर्षांनीं सबंध देशांतील शाळांविषयींचा तो प्रसिद्ध निवाडा झाला, ज्याची माहिती आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस असेल.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. अशा लोकांच्या शिक्षणाविषयीं लिहावयाचें तर तें कोणीं लिहावें?

लारेडो हें टेक्सास प्रांतांतील रिओ ग्रांदे नदीच्या कांठचें गांव, नदीपलीकडे मेक्सिको. तेथें १८८५ सालीं होविता इदार हिचा जन्म झाला. गांवांतील मेथडिस्ट मिशनच्या शाळेंत ती शिकली, १९०३ सालीं तिनें शिक्षिकेची सनद घेतली, आणि एका खेड्यांतील शाळेंत नोकरी धरिली. तेथें मुलांस पुरतील इतकीं पुस्तकें नव्हतीं, बसावयास पुरतील इतकीं बाकें नव्हतीं, आणि तें सुधारण्याचें सामर्थ्य एकट्या शिक्षिकेच्या अंगीं नव्हतें. तिनें नोकरी सोडिली व वडिलांच्या ‘ला क्रोनिका’ या स्पॅनिश वृत्तपत्रांत ती लिहूं लागली. शिक्षिकेनें वर्ग सोडून वृत्तपत्रांत जावें हें आम्हांस, खरें सांगावयाचें तर, प्रथम रुचलें नाहीं. मुलांना कोण शिकविणार? परंतु पुढें तिनें काय केलें तें पाहिल्यावर आमचा आक्षेप लटका पडला. स्पॅनिश भाषिक मुलांस चांगल्या शाळांतून घेत नाहींत, त्यांची मातृभाषा लुप्त होत आहे, हें ती आठवड्यामागून आठवडे लिहीत राहिली. १९११ सालीं तिच्या घरच्या मंडळींनीं लारेडो येथें परिषद भरविली. तिच्यांतून स्त्रियांचा संघ निघाला, त्याची पहिली अध्यक्षा होविता झाली, आणि त्या संघाचें पहिलें काम गरीब मुलांस फुकट शिकविण्याचें होतें. म्हणजे बाईंनीं वर्ग सोडिला नाहीं, मोठा केला.

ती आपल्या नांवानें लिही, तशी टोपणनांवांनींहि लिही. ‘आस्त्रेआ’ हें एक. ही प्राचीन ग्रीकांची न्यायदेवता. दुसरें ‘आवे नेग्रा’, म्हणजे काळा पक्षी. लेखकांचा परिचय शोधण्याची आमची जी खोड, तिला येथें ठेंच लागते, कारण असेंहि एक लिहिणें आहे कीं, जें स्वतःच्या नांवानें केल्यास घर पेटतें. १९१४ सालीं ‘एल प्रोग्रेसो’ या पत्रांत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं सैन्य धाडिल्याच्या विरुद्ध लेख आला. टेक्सासचे रेंजर शिपाई छापखाना बंद करावयास आले. होविता दारांत उभी राहिली व तिनें त्यांस आंत येऊं दिलें नाहीं. ते परत गेले. परंतु ती तेथें नसतां पुनः आले आणि त्यांनीं छापण्याचें यंत्र फोडून टाकिलें. पुढें सॅन अँटोनियो येथें तिनें बालकांसाठीं फुकट शाळा चालविली, आपल्या पंथाच्या स्पॅनिश पत्राच्या संपादनांत हात दिला, आणि १९४६ सालीं ती वारली. ज्या सरकारच्या शिपायांपुढें ती दारांत उभी राहिली, त्या देशाच्या टांकसाळीनें २०२३ सालीं पाव डॉलरच्या नाण्यावर तिची मुद्रा उठविली. नाणें फार उशीरां निघालें असें आम्हांस वाटतें, पण निघालें.

यानंतर आम्ही एकदम १९६७ सालावर येतों. त्या वर्षीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें ‘एल ग्रितो’, म्हणजे आरोळी, या नांवाचें त्रैमासिक सुरू झालें. त्याचे चालक ओक्ताविओ रोमानो हे मानववंशशास्त्राचे विद्वान होते. तोंवर मेक्सिकन लोकांविषयीं विश्वविद्यालयांतून जी पुस्तकें निघत, त्यांत हे लोक दैववादी, निरुत्साही व जुन्याला चिकटून राहणारे असें वर्णिलेले असे. म्हणून त्यांचीं मुलें शाळेंत मागें पडतात, असा सिद्धान्त. रोमानो यांनीं १९६८ सालीं आपल्या त्रैमासिकांत या पुस्तकांची एकेक करून झडती घेतली. ज्या लोकांनीं खाणींत व मळ्यांत संप केले, पत्रें चालविलीं, न्यायालयें गांठलीं, ते निरुत्साही कसे? ज्या अभ्यासकांनीं हें लिहिलें ते सगळे दुष्ट होते असें नव्हे. ते पाहुणे होते. पाहुण्यास घरांतील माणसें ओसरीवर गप्प बसलेलीं दिसतात, आणि तो वहींत लिहितो कीं, या घरांत कोणी बोलत नाहीं. अशाच हेतूनें १९७३ सालीं इंडियानांतील गॅरी या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरीं निकोलास कानेयोस यांनीं आपल्या एका सहकाऱ्यासह दुसरें एक नियतकालिक काढिलें, व १९७९ सालीं प्रकाशनसंस्था स्थापिली. ती पुढें ह्यूस्टन येथील विश्वविद्यालयाच्या आश्रयास गेली.

‘एल ग्रितो’च्या मंडळींनीं एक हजार डॉलरचें पारितोषिक ठेविलें होतें. तें प्रथमच, १९७० सालीं, ज्यास मिळालें त्याची हकीकत सांगितल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं.

टेक्सासमध्यें क्रिस्टल सिटी नांवाचें गांव आहे. तेथें पालक फार पिकतो. (पालकहो, रागावूं नका, आम्ही भाजीविषयीं बोलत आहों.) गांवकऱ्यांनीं १९३७ सालीं पालक खाऊन बलवान् होणाऱ्या पॉपाय या चित्रांतील खलाशाचा पुतळाहि उभारिला. हा पालक खुडणारे हात मेक्सिकन मजुरांचे. अशाच एका घरीं १९३५ सालीं तोमास रिवेरा याचा जन्म झाला. शेतमजूर कुटुंबांचें वर्ष दोन भागांत वाटलेलें असे: हिवाळ्यांत टेक्सास, आणि उन्हाळा लागला कीं मालवाहू गाडींत उभें राहून शेंकडों मैल उत्तरेकडे, आयोवा, मिनेसोटा, मिशिगन, जेथें कापणी व खुरपणी असेल तेथें. मुलांची शाळा मध्येंच सुटे व मध्येंच लागे. तोमास लहानपणापासून आईबापांबरोबर शेतांत राबला, आणि तरीहि शिकला. १९५८ सालीं पदवी घेतली, शाळांतून इंग्रजी व स्पॅनिश शिकविलें, १९६९ सालीं ओक्लाहोमा विश्वविद्यालयाची डॉक्टर ही पदवी मिळविली. पारितोषिक मिळालेलें त्याचें पुस्तक १९७१ सालीं प्रसिद्ध झालें. तें स्पॅनिशांत आहे. एका मजुराच्या मुलाच्या हरवलेल्या वर्षाच्या चौदा लहान गोष्टी. त्यांतील एका गोष्टींत शेतांत तहानलेलें पोर मालकाच्या टाकीवर पाणी प्यावयास जातें, आणि तें दूर व्हावें म्हणून मालक बंदूक झाडितो. दुसरींत एका मुलास मारामारीच्या कारणावरून शाळेंतून काढितात, आणि घरीं काय सांगावें या विचारांत तो रस्त्यानें चालत असतो. शाळेंतून काढून टाकण्याचा कागद ज्यांनीं सही करून दिला असेल अशा प्रत्येक शिक्षकानें ही गोष्ट एकदां वाचावी. आम्ही वाचली, आणि दोन दिवस आमचें मन लागलें नाहीं.

१९७९ सालीं रिवेरा कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाच्या रिव्हरसाइड येथील शाखेचा प्रमुख झाला. त्या विश्वविद्यालयांत त्या पदावर बसलेला मेक्सिकन कुळांतील हा पहिलाच मनुष्य. १९८४ सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, तो वारला. तेथील ग्रंथालयास त्याचें नांव आहे.

त्याच क्रिस्टल सिटींत १९६९ सालच्या डिसेंबरांत हायस्कुलाचे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले होते. निमित्त लहान होतें: सामन्यांच्या वेळीं उत्तेजन देणाऱ्या मुलींच्या तुकडींत मेक्सिकन मुलीस एकाहून अधिक जागा नाहीं, जरी शाळेंत बहुसंख्य मुलें मेक्सिकनच होतीं. परंतु त्यांच्या मागण्यांच्या कागदावर आणखीहि कलमें होतीं: आमच्या जातीचे शिक्षक असावेत, आणि शाळेंत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा नसावी. टेक्सासांत १९१८ च्या कायद्यानें शाळेंत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेंत शिकविणें गुन्हा ठरविलें होतें. तो १९६९ सालींच कोठें सैल झाला. विद्यार्थ्यांनीं शाळा सोडून रस्त्यावर यावें असें आम्ही म्हणत नाहीं, व येथील मुख्याध्यापकांनीं आमच्याकडे तसें पाहूं नये. पण त्या मुलांचा कागद नीट लिहिलेला होता, हें कबूल केलें पाहिजे.

आतां त्या गोष्टीकडे येतों, जिच्यासाठीं हा सर्व प्रपंच.

रिचर्ड रॉड्रिगेझ हा १९४४ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जन्मला व सॅक्रामेंटो शहरीं वाढला. आईबाप मेक्सिकोहून आलेले. त्याला कॅथलिक शाळेंत घातलें तेव्हां त्याला इंग्रजी शब्द मोजकेच येत. मुलगा वर्गांत बोलत नाहीं हें पाहून एके दिवशीं तीन जोगिणी त्याच्या घरीं आल्या आणि त्यांनीं आईबापांस विनंति केली कीं, आपण घरींहि इंग्रजींतच बोलाल तर मुलांचें बरें होईल. आईबापांनीं तें तत्काळ मान्य केलें. लेंकराच्या भल्यासाठीं काय करावें लागतें तें शिक्षकांस ठाऊक, ही त्यांची श्रद्धा! मुलगा इंग्रजी शिकला, फार उत्तम शिकला. स्टॅनफर्ड, कोलंबिया, बर्कली अशा थोर ठिकाणीं गेला. परंतु घर मुकें झालें. बाप इंग्रजींत अडखळे, म्हणून हळूहळू बोलेनासा झाला. मुलांजवळ आईला सांगावयास शब्द राहिले नाहींत. हें सर्व त्यानें १९८२ सालीं ‘हंगर ऑफ मेमरी’ या पुस्तकांत लिहिलें आहे. आश्चर्य हें कीं, एवढें दुःख सांगूनहि त्याचा निर्णय शाळेच्याच बाजूचा आहे. घरची भाषा घरापुरती. चारचौघांत, न्यायालयांत, कॉलेजांत उभें राहावयाचें तर इंग्रजी आली पाहिजे, आणि ही किंमत द्यावीच लागते, असें तो म्हणतो. स्पॅनिश भाषिकांस त्यांच्या भाषेंतून शिकविण्याच्या योजनेस, व जातीकडे पाहून जागा देण्याच्या धोरणास, त्यानें उघड विरोध केला. इतकेंच नव्हे, तर आपणांस आलेलीं अध्यापकाचीं बोलावणीं त्या धोरणामुळें आलीं असावीं असें वाटून तीं त्यानें नाकारिलीं.

त्याच्याच लोकांनीं त्याच्यावर झोड उठविली. तोमास रिवेरा यानेंहि उत्तर लिहिलें. तें १९८४ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, एका विद्वन्मान्य नियतकालिकांत आलें. त्याचा मुद्दा असा कीं, आईबापांची भाषा म्हणजे केवळ माजघरांतील कुजबूज नव्हे. तिच्यांत विचार आहे, इतिहास आहे, कॉलेजांत शिकवावें असें वाङ्मय आहे, आणि चारचौघांत उभें राहण्याची शक्तीहि आहे. जो तिला मुकी समजतो त्यानें आपल्या आईबापांसच मुकें ठरविलें.

दोघेहि एकाच विषयावरचे लेखक. दोघांचेहि आईबाप कष्टकरी. दोघेहि उच्च शिक्षणाच्या शिखरावर पोंचलेले. कोणाचें खरें? आम्ही रिवेराच्या बाजूचे आहों हें वाचकांनीं ताडिलेंच असेल. परंतु आमचें म्हणणें एवढ्यानें संपत नाहीं. ज्या नियतकालिकांत केवळ रिवेराच लिहील व रॉड्रिगेझास दार बंद असेल, तें आम्ही चांगलें म्हणणार नाहीं. आपल्या माणसांनीं आपल्याविषयीं लिहावें, हें होविता इदारपासून सर्वांनीं मागितलें, व तें योग्यच मागितलें. पण आपलीं माणसें एकसुरांत बोलतील अशी अपेक्षा धरणें म्हणजे पुनः त्या पाहुण्या अभ्यासकाचीच चूक करणें होय. रॉड्रिगेझाचें मत आम्हांस पटत नाहीं, तरी बाप कसा बोलेनासा झाला हें त्यानें लिहिलें नसतें, तर रिवेराच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आम्हांस मिळालाच नसता.

त्या तीन जोगिणींविषयीं आम्ही पुष्कळ विचार केला. त्या वाईट नव्हत्या. मुलाच्या हितासाठीं उन्हांतून चालत घरीं आल्या. आमच्या अध्यापनाच्या पहिल्या वर्षांत, एका दुसऱ्या गांवीं, वर्गांत मराठी बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लांकडाची एक लहान पाटी अडकवीत. तो दुसऱ्या कोणास मराठी बोलतांना पकडी, तेव्हां ती त्याच्या गळ्यांत जाई. आणि शाळा सुटतांना ती ज्याच्या गळ्यांत असेल त्यानें मागें राहून शंभर ओळी लिहावयाच्या. ती पाटी आम्हींहि अडकविली आहे. त्या वर्गांत खेड्यांतून आलेला एक मुलगा होता. पाटी टाळण्यासाठीं तो इतका गप्प राहूं लागला कीं, वर्षाच्या शेवटीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत ‘वर्तन उत्तम’ असा शेरा आम्हींच आमच्या हातानें लिहिला. तो खालीं काय विचार करीत होता हें आम्हांस कळलें नाहीं, कारण तो इंग्रजींत सांगूं शकत नव्हता व मराठींत सांगण्याची त्यास मनाई होती. तो आज कोठें आहे हेंहि आम्हांस ठाऊक नाहीं.

इंग्रजी शिकूं नये असें आमचें मत आहे, असा अर्थ कोणीं कृपा करून काढूं नये. इंग्रजी उत्तम शिकावी. रिवेरा इंग्रजीचाच पदवीधर होता. ‘हिस्पॅनिक आउटलुक’सारखें पत्र इंग्रजींत निघालें, याचें कारणहि उघड आहे. ज्यांच्या हातीं जागा व पैसा होता ते इंग्रजी वाचीत. १९८६ सालीं सॅन अँटोनियो येथें अठरा कॉलेजांनीं एकत्र येऊन संघ केला, त्याच्या खटपटीनें १९९२ सालीं तेथील काँग्रेसनें, ज्या कॉलेजांत निदान चौथा हिस्सा विद्यार्थी स्पॅनिश भाषिक कुळांतील आहेत, त्यांस कायद्यानें ओळख दिली. आणि अलीकडे अशा कॉलेजांची संख्या सहाशेंच्या घरांत गेली. अर्ज, निवेदनें, आंकडे यांवांचून हें झालें नाहीं, व तें सर्व इंग्रजींतच लिहिलें गेलें. मात्र १९९० सालच्या त्या पत्राचे लेखक कॉलेजांचे अध्यक्ष होते, याचें कारण वीस वर्षांपूर्वीं कोणी तरी बर्कलींत व गॅरींत स्पॅनिशांतहि छापावयास तयार होतें. आणि त्याच्याहि आधीं लारेडोच्या छापखान्याच्या दारांत एक शिक्षिका उभी होती.

आमच्या मराठी विभागाकडे यंदां लेख थोडे आले. एका गृहस्थांनीं आम्हांस स्पष्टच विचारिलें कीं, मुलीनें इंग्रजी विभागांत लिहिलें तर पुढें उपयोगी पडेल, मराठींत लिहून काय मिळणार? प्रश्न रागाचा नव्हता. त्यामागें फीची चिंता होती. आलेल्या लेखांपैकीं निम्मे तरी वडील बंधूंनीं किंवा शिकवणीच्या मास्तरांनीं लिहिलेले आहेत, हें त्यांतील संस्कृत शब्दांवरूनच कळतें. अकरा वर्षांचा मुलगा ‘निसर्गाच्या अलौकिक सौंदर्यानें पुलकित’ होत नसतो; तो झाडावर चढतो.

नवव्या इयत्तेंतील एका मुलीनें प्रथम जो लेख दिला, तो तिच्या आईच्या कामाविषयीं होता. आई पहांटे चारला उठून तीन ठिकाणच्या डब्यांसाठीं पोळ्या लाटते. तवा तापल्याची खूण कशी ओळखावी, पावसाळ्यांत कोळसा ओला असला म्हणजे काय करावें, कोणतें गिऱ्हाईक पैसे थकवितें, हें सर्व तिनें जसें घरीं बोलतात तसें लिहिलें होतें. आठ दिवसांनीं तिच्या भावानें तो लेख परत मागितला व ‘वसंत ऋतूचें आगमन’ या विषयावरील दुसरा आणून दिला. आईचें काम चारचौघांत छापून यावें हें त्याला बरें वाटलें नाहीं. त्या भावाचा आम्हांस राग आला नाहीं. दोन्ही लेख आम्हीं ठेवून घेतले आणि घरीं निरोप धाडिला. आई स्वतः शाळेंत आल्या. त्यांस वाचतां येत नाहीं. मुलीनें काय लिहिलें आहे तें आपणांस आधीं सगळें वाचून दाखवावें, मग हो किंवा नाहीं सांगूं, असें त्या म्हणाल्या. परंतु त्या दिवशीं डब्यांची वेळ झाली होती, म्हणून येत्या सोमवारीं दुपारीं पुनः येणार आहेत. मुलीनेंच तो मोठ्यानें वाचावा असें ठरलें आहे. मराठी विभागांतील शेवटून दुसरें पान आम्हीं तोंवर कोरें ठेविलें आहे. छापखान्याचा माणूस दोनदां येऊन गेला.